हातचं राखून विकणाऱ्या ॲपलला खुलं पत्र

ॲपल कंपनीच्या मार्केटिंग खात्यातील मंडळींस,
स. न. वि. वि.

आयफोन १५ च्या सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर एक सोय आहे. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबव, असं फोनला कायमचं सांगून ठेवता येतं. लिथियम-आयन बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली ठेवली, त्यातून ती गरम जागी असली, की लवकर थकते. त्यामुळे ज्याला फोन चार-पाच वर्षं पुरवायचा आहे त्याच्या दृष्टीने ही सोय फार कामाची. वर्षभर आधीच्या आयफोन १४ मध्ये मात्र ती नाही. आयओएस १७ ही फोनची कार्यप्रणाली दोन्ही फोनना मिळाली, पण हे बटण फक्त १५ ला आलं.

आता गंमत पाहा. २०१९ च्या आयओएस १३ पासून तुमचे फोन रात्री ८० टक्क्यांवर थांबतात, मालक कधी उठतो याचा अंदाज बांधतात आणि उरलेले २० टक्के पहाटे भरतात. ही हुशारी तुम्ही पार आयफोन ६एसपर्यंतच्या फोनना दिली होती. शिवाय फोन तापला तर तो आपण होऊन ८० च्या पुढे चार्जिंग रोखून धरतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे आयफोन वापरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणजे आयफोन १४ ला थांबता येतं, तो थांबतोही. फक्त मालकाने थांब म्हटलं तर ऐकायचं नाही, असं त्याला शिकवलेलं आहे. पाइप टाकलेला आहे, पाण्याला दाब आहे, नळाची चावी तेवढी वॉचमनच्या खिशात.

बॅटरीची भरण्या-उतरण्याची किती आवर्तनं झाली हा आकडाही तसाच. जुने फोन तो मोजतात, संगणकाला जोडून तो वाचणारी प्रोग्रॅम्स कित्येक वर्षं मिळत होती. सेटिंगच्या पानावर मात्र तो १५ पासून पुढच्यांनाच दिसतो.

छोटी गोष्ट आहे, मान्य. मुद्दाम छोटीच निवडली. मोठ्या गोष्टींत तुम्ही चिप, सेन्सर, मेमरी अशी नावं घेता आणि सामान्य गिऱ्हाईक गप्प बसतं. ८० टक्क्यांच्या बटणाला यातलं काहीच लागत नाही, त्यामुळे इथे सबब सांगायलाही जागा उरत नाही.

धंदा म्हटला की स्वस्त माल आणि महाग माल वेगळा ठेवावा लागतो, हे कळायला एमबीए व्हावं लागत नाही. टायटॅनियमची कड, मोठी झूम लेन्स, तिसरा कॅमेरा यांना खरोखर पैसे पडतात. ते महागड्या प्रोमध्येच द्या, माझी काही तक्रार नाही. तुमचे फोन वर्षानुवर्षं अपडेट घेतात हेही खरं. २०१८ चा आयफोन एक्सआर २०२४ च्या आयओएस १८ वर चालला. अंध माणसांना पडदा वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर तुम्ही २००९ मध्येच आयफोनमध्ये घातलं, त्याचं श्रेय कुणी हिरावून घेऊ शकत नाही. हे सगळं मान्य करूनच लिहितोय. माझं भांडण तुमच्या सबबींशी आहे. आतून निव्वळ धंद्याचा असलेला निर्णय बाहेर येताना कधी तंत्रज्ञानाचा होतो, कधी पर्यावरणाचा, कधी सुरक्षेचा. आणि तो अशा गंभीर चेहऱ्याने सांगितला जातो की आपण काही जास्तीचं मागितलं याची गिऱ्हाइकालाच लाज वाटावी.

डिस्प्लेचंच घ्या. सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोन १३ प्रोला सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा पडदा मिळाला. तुम्ही त्याला प्रोमोशन असं भारदस्त नाव दिलंत. साधा आयफोन १३ मात्र ६० वर, भारतात किंमत ७९,९०० रुपये. त्याच वर्षी मार्चमध्ये शाओमीने इथे रेडमी नोट १० प्रो आणला होता: ॲमोलेड पडदा, १२० हर्ट्झ, किंमत १५,९९९ पासून. मग आयफोन १४ आला, ६०. १५ आला, ६०. २०२४ मध्ये १६ आला, पुन्हा ७९,९०० रुपयांना, आणि तोही ६०. अखेर २०२५ मध्ये आयफोन १७ ला १२० मिळाले आणि ती एकदम मिरवायची गोष्ट झाली. मधल्या चार वर्षांत पडद्याच्या कारखान्यात कोणता शोध लागला? तुमच्याच आयपॅड प्रोला हा वेग २०१७ पासून होता. दुकानात दोन फोन शेजारी ठेवून बोट फिरवलं की साध्यावरची अक्षरं फरफटत जाताना दिसतात, आणि विक्रेता नेमकं तेच करून दाखवतो. साध्या मॉडेलचं काम प्रो विकायला मदत करण्याचं होतं, आणि ते त्याने चार वर्षं इमानेइतबारे केलं. तुमच्या तुलनेच्या तक्त्यात नसलेल्या गोष्टीच्या जागी नुसती एक आडवी रेघ असते, ती मला फार आवडते. इतकं कमी बोलून इतकं झाकणारं चिन्ह दुसरं नसेल.

चार्जिंगच्या तोंडाची कथा याहून लांब. जानेवारी २०२० मध्ये युरोपात सगळ्यांना एकच चार्जर असावा अशी चर्चा सुरू होती, तेव्हा तुम्ही म्हणालात की अशा सक्तीने नवनिर्मिती खुंटेल आणि ई-कचऱ्याचे ढीग लागतील. युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदा केला, २०२४ च्या अखेरीची मुदत दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ तुमचं खास लाइटनिंगचं तोंड सोडून सगळ्यांसारखं यूएसबी-सी घेऊन आला. नवनिर्मिती काही खुंटली नाही. उलट त्या दिवशी तुम्हीच यूएसबी-सीचे गोडवे गायलात.

पण तिथेही हातचं राखलंतच. १५ प्रोच्या भोकातून सेकंदाला १० गिगाबिट जातात. साध्या १५ च्या तशाच दिसणाऱ्या भोकातून ४८० मेगाबिट, म्हणजे यूएसबी २.० चा वेग, जो २००० साली ठरला. ६४ जीबीचा व्हिडिओ कागदावरच्या वेगाने काढायचा झाला तरी प्रोवरून एक मिनिटही लागत नाही आणि साध्यावरून सतरा-अठरा मिनिटं जातात. तुमचं उत्तर ठरलेलं आहे: साध्या १५ मध्ये ए१६ चिप आहे, तिच्यात वेगवान यूएसबीची सोय नाही. खरं आहे. पण ती आदल्या वर्षीच्या प्रोची चिप साध्या फोनमध्ये घालायची हे कुणी ठरवलं? तुम्हीच. २०२१ पर्यंत त्या-त्या वर्षीच्या साध्या आणि प्रो फोनना एकच पिढीची चिप मिळायची. १४ पासून तुम्ही ती प्रथा मोडलीत, आणि मग आपणच आणलेल्या टंचाईकडे बोट दाखवून म्हणता, काय करणार, चिपलाच जमत नाही. आणखी एक. १५ प्रोच्या खोक्यात जी केबल यायची तीही यूएसबी २.० ची. १,३४,९०० रुपये मोजलेल्या माणसाने वेग हवा असेल तर केबल वेगळी घ्यायची.

'यंत्राला जमत नाही' हे वाक्य तुमच्याकडून पहिल्यांदा २०११ मध्ये ऐकल्यासारखं झालं. तोंडी सांगितलेलं काम करणारी मदतनीस सिरी तेव्हा आयफोन ४एसची शान होती, आणि वर्षभर आधीच्या आयफोन ४ ला ती मिळणार नव्हती. पण सिरी तुमच्या प्रयोगशाळेत जन्मली नव्हती. फेब्रुवारी २०१० मध्ये ती तुमच्याच ॲप स्टोअरवर एका छोट्या कंपनीचं ॲप म्हणून आली आणि तेव्हाच्या आयफोन ३जीएसवर चालत होती. एप्रिलमध्ये तुम्ही ती कंपनी विकत घेतलीत. पुढच्या वर्षी ४एस आला आणि ते जुनं ॲप बंद झालं. म्हणजे कालपर्यंत ३जीएसवाला जिच्याशी बोलत होता, ती आता त्याच्याहून नव्या फोनलाही झेपेना. काही दिवसांतच हौशी प्रोग्रॅमरांनी आयफोन ४ वर सिरी चालवून दाखवली, तो भाग वेगळा.

रात्रीच्या फोटोंचं तेच. २०१८ च्या नोव्हेंबरात गूगलने नाइट साइट आणलं आणि ते नुसत्या सॉफ्टवेअरने २०१६ च्या पहिल्या पिक्सेललाही दिलं. तुमचा नाइट मोड २०१९ मध्ये आयफोन ११ बरोबर आला, आणि आदल्याच वर्षी लाखभर रुपयांना विकलेल्या एक्सएसला तो कधीच मिळाला नाही. बरं, चिपचं कारण म्हणावं, तर २०२० च्या आयफोन एसईमध्ये ११ चीच ए१३ होती. त्याला नाही. २०२२ च्या एसईमध्ये तर ए१५ होती. त्यालाही नाही. तिथे सेन्सर जुना म्हणून हात वर करता येतात; पण २०१६ च्या पिक्सेलचा सेन्सर काय तरुण होता?

आणि २०२२ चं स्टेज मॅनेजर. आयपॅडवर खिडक्या हव्या तशा मांडून काम करायची सोय. जूनमध्ये तुम्ही सांगितलंत की हे फक्त एम१ चिपलाच झेपेल. मेमरीचं, स्टोअरेज मेमरीसारखं वापरण्याचं सविस्तर स्पष्टीकरण मुलाखतींतून दिलंत. ज्यांनी २०१८ आणि २०२० चे महागडे आयपॅड प्रो घेतले होते ते खवळले. सप्टेंबर संपायच्या आत तीच सोय त्या जुन्या आयपॅड प्रोंसाठी चाचणी आवृत्तीत आली, फक्त बाहेरचा मॉनिटर जोडण्याचा भाग वगळून. जूनमध्ये जे भौतिकशास्त्राला मान्य नव्हतं ते तीन महिन्यांत लोकांच्या आरडाओरड्याने मान्य झालं.

मला कुणी विचारलं की ॲपलचं 'जमत नाही' खरं कधी मानायचं, तर मी म्हणेन की आधी थोडा आरडाओरडा करून पाहा.

कधी कधी तर कारण अगदी खरं असूनही तुम्ही ते लपवलंत. जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ च्या अपडेटबरोबर तुम्ही थकलेल्या बॅटरीच्या फोनचा वेग गुपचूप कमी करायला सुरुवात केली. यामागचं इंजिनिअरिंग चूक नव्हतं. जुनी बॅटरी एकदम जास्त वीज पुरवू शकत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि फोन पटकन बंद पडतो. त्यापेक्षा हळू चाललेला बरा. पण मालकाला सांगितलं नाहीत. त्याच्या लेखी फोन म्हातारा झाला, नवा घ्यायची वेळ आली. त्याला हवी होती नुसती नवी बॅटरी. डिसेंबरात गीकबेंच ही वेगचाचणी बनवणाऱ्या जॉन पूल यांनी आकडे मांडले तेव्हा तुम्ही कबूल झालात, माफी मागितलीत, बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ वर आणलीत. फ्रान्सने २०२० मध्ये २.५ कोटी युरोंचा दंड केला. तोही वेग कमी केला म्हणून झालेला नव्हता, ग्राहकाला सांगितलं नाही म्हणून झाला होता.

या प्रकरणाचा शेवट बहुतेकांच्या वाचनातून निसटला. २ जानेवारी २०१९ ला टिम कुक यांनी कंपनीप्रमुख म्हणून गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं: विक्री अंदाजापेक्षा कमी होणार. कारणांच्या यादीत चीनची मंदावलेली बाजारपेठ होती, डॉलरचा भाव होता, आणि हेही होतं की काही ग्राहकांनी स्वस्त झालेल्या बॅटरी बदलून घेतल्या. म्हणजे स्वस्त बॅटरी मिळाली की लोक नवा फोन घेत नाहीत, हे तुम्हाला नीट माहीत आहे. ते तुम्ही लिहूनही दिलंत. फक्त ज्यांच्या हातात तो फोन होता त्यांना नव्हे, ज्यांच्याकडे तुमचे शेअर होते त्यांना.

चार्जरबद्दल लांबण लावत नाही, ती जखम सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर आणि इअरफोन गायब झाले, कारण पृथ्वी. खोकं लहान झालं, एका फळीवर ७० टक्के जास्त खोकी मावू लागली. छान. पण खोक्यात जी केबल ठेवलीत तिचं दुसरं टोक यूएसबी-सी होतं आणि लोकांच्या घरात साठलेले तुमचे जुने चार्जर बहुतेक चौकोनी भोकाचे, ५ वॅटवाले. तेव्हा नवा घ्या, १,९०० रुपये. तो वेगळ्या खोक्यात येणार, वेगळ्या गाडीने येणार, पृथ्वीने तेवढं सांभाळून घ्यावं. फोनची किंमत कमी झाली असती तर हे बोललो नसतो. पण आयफोन ११ भारतात ६४,९०० ला आला होता आणि १२ आला ७९,९०० ला. त्याआधी २०१६ मध्ये हेडफोनचं भोक काढलंत तेव्हा तुमचे त्यावेळचे मार्केटिंगप्रमुख फिल शिलर यांनी मंचावरून त्याला धाडस म्हटलं होतं. त्याच कार्यक्रमात १५९ डॉलरचे बिनतारी एअरपॉड जाहीर झाले. असलं फायद्याचं धाडस आम्हालाही जमेल.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला बसवलं तिच्याकडे येतो.

जून २०२४ मध्ये तुम्ही ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे तुमच्या एआय सोयींचा संच, दाखवलंत. त्यात सगळ्यात डोळे दिपवणारी होती ती नवी सिरी: तुमचे मेल, मेसेज, कॅलेंडर सगळं जाणणारी आणि त्यातून उत्तर देणारी. सप्टेंबरात आयफोन १६ आला तो 'ॲपल इंटेलिजन्ससाठीच घडवलेला' अशी जाहिरात करत. विक्री सुरू झाली त्या दिवशी त्या फोनमध्ये ॲपल इंटेलिजन्सची एकही सोय नव्हती. पहिल्या काही सोयी ऑक्टोबरच्या शेवटी आयओएस १८.१ मध्ये आल्या, त्याही फोनची आणि सिरीची भाषा अमेरिकी इंग्रजी ठेवली तरच. भारतीय इंग्रजीला जागा मिळायला आयओएस १८.४ उजाडावं लागलं, म्हणजे पुढच्या वर्षाचा मार्च संपला. मराठी वगैरे तर सोडूनच द्या.

दरम्यान टीव्हीवर कलाकार बेला रॅमझी यांची जाहिरात फिरत होती. पार्टीत ओळखीचा माणूस समोरून येतो, नाव आठवत नाही, सिरीला विचारलं की दोन महिन्यांपूर्वी अमक्या कॅफेत ज्याच्याशी मीटिंग झाली तो कोण, आणि सिरी झटकन नाव सांगते. ७ मार्च २०२५ ला तुम्ही जाहीर केलंत की ही सिरी यायला अपेक्षेपेक्षा वेळ लागेल, पुढच्या वर्षभरात येईल. जाहिरात गुपचूप काढून घेतलीत. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजनने म्हटलं की 'आता उपलब्ध' या दाव्यातून सगळ्या सोयी फोनबरोबरच मिळतात असा समज होतो. दावा बदला किंवा थांबवा. तुम्ही निष्कर्ष मान्य नाहीत म्हणालात, शिफारस मात्र पाळतो म्हणालात.

अंदाज चुकतात, सॉफ्टवेअरला उशीर होतो, यात नवल काही नाही. माझा आक्षेप असा की जी गोष्ट अजून शिजलेली नाही तिचं ताट वाढल्याचं चित्र दाखवून तुम्ही फोन विकलेत. आणि विकलेत कुणाला? हेच पाहण्यासारखं आहे. ज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये ७९,९०० रुपयांना आयफोन १५ घेतला, त्याला नऊ महिन्यांनी सांगण्यात आलं की तुझा फोन यात बसत नाही. फक्त १५ प्रो आणि पुढचे. इथे बरेच आयफोन हप्त्यांवर जातात. दोन वर्षांच्या हप्त्यावर घेतला असेल तर अजून पंधरा हप्ते शिल्लक होते.

इथे कारण खोटं नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. फोनच्या आत चालणाऱ्या भाषेच्या मॉडेलला मेमरी लागते. साध्या १५ मध्ये ६ जीबी होती, प्रोमध्ये ८. पण २०२३ च्या भारतीय बाजारात तीस हजारांच्या आतल्या अँड्रॉइड फोनमध्ये ८ जीबी सर्रास मिळत होती. सहावर थांबायचं हा निर्णय तुमचा होता. पुढच्याच वर्षी मोठी मेमरी लागणार याची कल्पना सगळ्यात आधी तुम्हाला असणार. तेव्हा गिऱ्हाइकाला एक शब्द नाही. शिवाय जड काम तुमच्याच सर्व्हरवर पाठवायची व्यवस्था तुम्ही उभारली होतीत. त्या सर्व्हरला विचारणाऱ्या फोनमध्ये किती मेमरी आहे याच्याशी काय देणंघेणं असावं?

दुरुस्तीबद्दलही लिहायला हवं, कारण मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, मनीष मार्केटात बसलेला कारागीर या पत्रात आला नाही तर ते अपुरं राहील. २०२१ च्या आयफोन १३ मध्ये पडदा बदलला की फेस आयडी बंद पडायचं. पडदा अस्सल असला, दुसऱ्या नव्याकोऱ्या आयफोन १३ चा काढून बसवला तरीही. एक बारीकशी चिप जुन्या पडद्यावरून उचलून नव्यावर सूक्ष्मदर्शकाखाली डाखून बसवली तरच ते चालू राहायचं. चेहरा ओळखणारा कॅमेरा पडद्यात नसतोच, तेव्हा सुरक्षेचं कारण इथे पटवणं अवघड होतं. बोंबाबोंब झाल्यावर तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती केलीत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने सुट्या भागांच्या या कुलूपबंदीवर बंदी घालणारं विधेयक आणलं, तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने त्याविरुद्ध साक्ष दिली. २७ मार्च २०२४ ला राज्यपालांची सही झाली. पुढच्या पंधरवड्यात तुम्ही जाहीर केलंत की वापरलेले अस्सल भाग दुरुस्तीला चालतील. योगायोग असेल. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्याच्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्तीसुलभता निर्देशांकाचा अहवाल दिला आहे. तो खोक्यावर छापायची वेळ येईल तेव्हा तुमचा आकडा वाचायला मी दुकानात जाईन.

आयफोनवरून आयफोनला गेलेला मेसेज निळ्या बुडबुड्यात दिसतो, अँड्रॉइडला गेलेला हिरव्या. त्यावरून परदेशात होणारा वाद इथे कुणाला कळायचा नाही, आमचं सगळं गाव व्हॉट्सॲपवर आहे. पण त्या वादात एक कागद निघाला तो महत्त्वाचा आहे. एपिक या गेम बनवणाऱ्या कंपनीने तुमच्यावर केलेल्या खटल्यात २०२१ मध्ये तुमचे आतले ईमेल उघडे झाले. आयमेसेज ही तुमची मेसेजसेवा अँड्रॉइडवर का न्यायची नाही, याबद्दल तुमचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी २०१३ मध्ये लिहिलं होतं की तसं केलं तर आयफोन वापरणाऱ्या आईबापांना मुलांच्या हातात अँड्रॉइड फोन देण्यातला अडथळा दूर होईल. किती स्वच्छ वाक्य आहे! त्यात चिप नाही, पृथ्वी नाही, गोपनीयता नाही. खरं कारण तुम्हाला मोजक्या शब्दांत लिहिता येतं. ते शेअरहोल्डरांपर्यंत पोचतं, न्यायाधीशांपर्यंत पोचतं. दुकानाच्या काउंटरपर्यंतच काय ते पोचत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये बीकेसीतलं दुकान उघडायला टिम कुक मुंबईत आले तेव्हा माधुरी दीक्षितबरोबर त्यांनी वडापाव खाल्ला. फोटो छान होता. नंतर सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कलाही तुमचं दुकान झालं. इथली बाजारपेठ तुम्हाला हवी आहे हे उघड आहे, तेव्हा इथल्या गिऱ्हाइकाच्या मागण्या ऐकून घ्या.

आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनना ८० टक्क्यांचं बटण द्या. हे एका अपडेटचं काम आहे, आणि ते का दिलं नाहीत याचं लेखी उत्तर वाचायला मला फार आवडेल. भारतात जाहिरात करताना जी सोय इथे, इथल्या भाषेच्या सेटिंगवर, विक्रीच्या दिवशी चालते तेवढीच दाखवा. बाकीची केव्हा येणार ते जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत नको. जून २०२२ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत, आणि मूळ दावाच दिशाभूल करणारा असेल तर खालच्या तळटीपेने तो सावरता येत नाही असं त्यांत लिहिलेलं आहे. तुमच्या वकिलांना ती माहीत असतीलच. आणि तुलनेच्या तक्त्यातली ती आडवी रेघ काढून तिथे खरा आकडा घाला: ६० हर्ट्झ, ४८० मेगाबिट, ६ जीबी. प्रो घ्यायचा असेल तो तरीही घेईल.

पत्राचं उत्तर मराठीत दिलंत तर उत्तम. नाहीतर भारतीय इंग्रजीत चालेल, ती आता तुमच्या यादीत आहे.

आपला,
एक ग्राहक, पुणे

ता. क. : हे वाचून सॅमसंग आणि गूगलच्या मंडळींनी गालात हसू नये. खोक्यात चार्जर नाही म्हणून सॅमसंगने आयफोन १२ ची टिंगल केली होती. डिसेंबर २०२० मध्ये ती पोस्ट पुसली गेली आणि जानेवारीत गॅलक्सी एस२१ चार्जरशिवाय आला. गूगलने मार्च २०२४ मध्ये 'हार्डवेअरच्या मर्यादे'मुळे साध्या पिक्सेल ८ वर जेमिनी नॅनो हे फोनच्या आत चालणारं एआय मॉडेल येणार नाही असं सांगितलं आणि तोच महिना संपायच्या आत, येणार आहे, असं जाहीर केलं. या पत्राची एक एक प्रत त्यांनाही पाठवतो आहे.